मालवणच्या खानावळीत जाऊन सुरमईच का मागता?

पिंगुळीकर
कुडाळ, मालवण, वेंगुर्ला पट्ट्यातल्या घरगुती खानावळींबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. मोठी एसी हॉटेलं सोडून द्या. पडवीत चार-पाच टेबलं, स्टीलची ताटं, आत वहिनी तव्याशी आणि बाहेर भाऊ वाढायला, अशा जागांबद्दल बोलतोय. जेवण बहुतेक ठिकाणी मनापासून केलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही.

माझं दुखणं भिंतीवरच्या फळ्याचं आहे. सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी, कोळंबी थाळी. बारा महिने तेच. अहो, समुद्रातून रोज काहीतरी निराळं येतं. सौंदाळे, पेडवे, मुडदुशे, लेपी, मोरी (म्हणजे छोटा शार्क), तिसऱ्या, कालवं. ते सगळं जातं कुठे?

परवा मालवणात दांडीच्या किनाऱ्याच्या बाजूला एका खानावळीत हात धुवायला मागच्या दारी गेलो. चुलीवर पेडव्यांचं तिखलं (आंबट-तिखट दाटसर कालवण) रटरटत होतं, तिरफळाचा वास पार अंगणापर्यंत. "ह्याच वाढा की" म्हटलं, तर वहिनी संकोचल्या. "ता घरच्यांका आसा. गिऱ्हायका खाणत नाय." म्हणजे घरच्यांनी सकाळचे पेडवे खायचे आणि पैसे मोजणाऱ्याने बर्फातली सुरमई! त्यांनी वाटीभर दिलं आणि त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. त्या वाटीपुढे ताटातली तुकडी फिकी पडली.

माझं मत सरळ आहे. खानावळीत बसल्यावर पहिला प्रश्न "आज काय गावला?" हाच हवा. फळा नंतर वाचा. तुम्ही काय मागवता? आणि असं विचारल्यावर कुठे काय मिळालं?

भरती_ओहोटी
रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो मग लिहितो, हे वाचून बसवत नाही.

डोंबिवलीचा_चाकरमानी
पिंगुळीकर, तुमचं पटतं, पण आमची बाजू ऐका. आम्ही वर्षातून एकदा गावी येतो, बरोबर दोन लहान मुलं आणि बायकोच्या माहेरची मंडळी. मुलांना काटे निवडता येत नाहीत. सुरमईच्या तुकडीत मधला काटा काढला की काम झालं, पेडवे खायला घातले तर सगळं जेवण मुलांच्या घशाकडे बघण्यात जाईल. शिवाय मुंबईकडच्या अर्ध्या लोकांना सौंदाळे म्हणजे काय हेच माहीत नाही. नाव माहीत नसलेला मासा माणूस मागवेल कसा? आणि खानावळीतलं कोणी आपणहून सांगतही नाही.

तोंपासु_सदस्य
तिखलं, तिरफळ, चूल. एका परिच्छेदात तीन अत्याचार! तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं).

चूल_आणि_तवा
मी खानावळ चालवते, मालवणातच. (पिंगुळीकर, ती वहिनी मी नव्हे, पण असू शकले असते.) म्हणून आतली बाजू सांगते.

एक मोठी सुरमई घेतली की तुकड्या मोजून पडतात. किती ताटं होतील ते सकाळीच कळतं. उरली तर बर्फात दुसऱ्या दिवशी चालते, चवीत थोडा फरक पडतो पण चालते. पेडव्यांचं तसं नाही. सकाळचे पेडवे बर्फात नीट नसतील तर दुपार टळायच्या आत त्यांची पोटं फुटायला लागतात. साफ करायला सुरी चालत नाही, बोटाने डोकं मोडून पोटासकट ओढून काढायचं, एकेक करून. टोपलीभर पेडवे म्हणजे दोन बायकांची सकाळ. एवढं करून ताट पुढे ठेवलं की प्रश्न येतो, "ताई, काटे आहेत?" आहेत म्हटलं की ताट बाजूला. एकदा सबंध पातेलं परत आत आलं होतं. त्या दिवशी शेजारपाजारच्या तिन्ही घरांनी तिखलं खाल्लं.

फळ्यावर सुरमई लिहिली की गाडी थांबते, पेडवे लिहिले की पुढे जाते, हे रोज डोळ्यांनी बघते. आमची हौस नाही ती. पण कोणी खुर्चीवर बसता बसता "आज काय आहे?" विचारलं ना, की माझा नवरा आतून धावत सांगायला येतो. त्याला त्याचाच आनंद.

भरती_ओहोटी
जेवून आलो. (घरी पिठलं होतं, चर्चा नको.)

ताई, तुम्ही फळ्यावर एक ओळ रोज बदलती का ठेवत नाही? नुसतं "आज" लिहून पुढे जे असेल ते. कोणी विचारलं तर नवरा आहेच धावायला.

रापणीचो_झील
पिंगुळीकरानू, खरा बोललात. आमी गाबीत, मासे मारणारे, दर्यावरच वाढललो. आता पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

रापण म्हणजे होडीतून जाळं अर्धगोलात सोडत न्यायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. जितके हात, तितके वाटे. रापणीला लागतात बांगडे, तारली, पेडवे, सौंदाळे असले काठाजवळ येणारे मासे. सुरमई कधीतरी एखादी. म्हणजे चिवल्याच्या किंवा दांडीच्या वाळूवर सकाळी जे चमकतं, त्यातलं जवळजवळ काहीच तुमच्या थाळीत नसतं. थाळीतलं पापलेट कित्येकदा दुसऱ्या बंदरातून बर्फाच्या पेटीत बसून आलेलं असतं. पर्यटकाला वाटतं समोरच्या समुद्रातलंच खातोय.

दुसरं म्हणजे आकार. सगळ्यांनी सुरमई-पापलेटच मागितलं की मोठं संपतं आणि मग पिल्लं येतात. २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला. पापलेटला १३५ मिलिमीटर. त्याखालचं पकडायचंही नाही आणि विकायचंही नाही. तरी थाळीत अख्खं पापलेट म्हणून केवढंसं येतं ते आठवा.

कोल्हापुरी_तांबडा
म्हणजे जेवायला जाताना खिशात फूटपट्टी न्यायची का?

रापणीचो_झील
नको, हात पुरतो. बोटं सोडून नुसता तळहात ताटावर धरा. पापलेट त्याच्याएवढंच असेल तर ते पिल्लूच. खाऊन झालं असेल तर भांडू नका, पण पुढच्या खेपेला मालकाला सांगा की एवढं नको, त्यापेक्षा बांगडा वाढा. चार गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो घेणं बंद करेल. कायद्याने जे पोचत नाही ते गिऱ्हाईक पोचवतं.

आडिवरेकर
पर्ससीनचं (थव्याला वेढा घालून खालून आवळायचं मोठं जाळं) विसरलात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्यावर निर्बंध आले, सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ मोकळा. एलईडी लावून मासेमारीला तर बंदीच आहे. तरी रात्री समुद्रात दिवे दिसतातच. बांगड्याचा अख्खा थवा एका फेऱ्यात उचलला गेला तर रापणीला काय उरणार? खानावळीतल्या सुरमईवर भांडण्यात अर्थ नाही, मूळ तिकडे आहे.

रापणीचो_झील
विसरलो नाही, दादा. त्यावर आमच्या वाडीतली माणसं मोर्चात चालून आली आहेत. पण त्याला वेगळा धागा लागेल, तो तुम्ही काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे जेवणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे तेवढंच बोलू.

हर्णैची_माहेरवाशीण
दापोलीकडची पद्धत सांगते. हर्णै बंदरावर सकाळ-संध्याकाळ लिलाव होतो, समोर सुवर्णदुर्ग. लिलावात आपल्यासारख्याने बोली लावण्यात अर्थ नाही, ढीग मोठे असतात. बाजूला बायका टोपल्या घेऊन बसतात त्यांच्याकडून घ्यायचं. मग तो मासा आसपासच्या एखाद्या घरगुती खानावळीत नेऊन द्यायचा. साफ करून, मसाला लावून, तळून किंवा कालवण करून देतात, करणावळ घेतात. भाकरी, भात, सोलकढी त्यांची. आम्ही माहेरी पाहुणे आले की असंच करतो. इथे फळ्याचा प्रश्नच येत नाही, काय खाणार ते तुम्ही बाजारात ठरवून आलेले असता.

फक्त जेवणाच्या वेळेआधी चांगले दोन तास न्या. दीड वाजता पिशवी पुढे करून "पटकन करा" म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

डोंबिवलीचा_चाकरमानी
माहेरवाशीण ताई, टोपलीतला मासा ताजा कसा ओळखायचा? आम्हाला सगळेच चकाकताना दिसतात. बर्फाचं पाणी मारलेलं असतं ना.

हर्णैची_माहेरवाशीण
कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवं. तपकिरी किंवा चिकट असेल तर पुढे चला. डोळा फुगीर आणि स्वच्छ, आत गेलेला नको. बोटाने दाबलं तर खड्डा भरून यायला हवा. आणि वास समुद्राचा यावा, माशाचा नाही. डोकं कापून ठेवलेला मासा मी घेत नाही, निम्मी परीक्षा तिथेच असते.

वेंगुर्ल्याची_वाट
दराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. "मार्केट रेट" किंवा "साइझप्रमाणे" असं फळ्यावर असतं, ते चुकीचं नाही, मासा रोजच्या भावानेच येतो. पण एका ठिकाणी आम्हाला दर न सांगता अख्खा सरंगा तळून आणला आणि बिलात असा आकडा लावला की सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. नाव लिहीत नाही. तेव्हापासून मी मासा कच्चा दाखवा म्हणते आणि तिथेच दर विचारते. चांगला मालक आनंदाने ताटलीत घालून आणतो. ज्याला त्याचा राग येतो, त्याच्याकडून उठलेलं बरं.

चूल_आणि_तवा
शंभर टक्के. विचारा, त्यात लाज कसली. आम्हीही बंदरावर बाईला विचारूनच घेतो, आणि घासाघीसही करतो.

डॉक्टर_खाडीकाठ
वरती ताजेपणाची चर्चा चालू आहे, त्यात एक महत्त्वाची भर. "मला बांगड्याची ॲलर्जी आहे" असं सांगणारे रुग्ण बरेच येतात. त्यातल्या काहींची ती ॲलर्जी नसते. बांगडा, कुपा (ट्यूना), तारली, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन जास्त असतं. पकडल्यावर मासा बर्फाविना उन्हात राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून, आंबट घालून कशानेही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. तोच माणूस दुसऱ्या दिवशी ताजा बांगडा खातो आणि काही होत नाही.

खरी ॲलर्जीही असते, विशेषतः कोळंबी-खेकड्यांची, त्यामुळे घरच्या घरी प्रयोग करू नका. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा. पण मासा पाण्यातून निघाल्यापासून थंड राहिला होता का, हा प्रश्न खानावळीत जरूर विचारावा. बर्फाला नावं ठेवू नका, पिंगुळीकर. नीट बर्फात ठेवलेली कालची सुरमई ही उन्हात पडलेल्या आजच्या बांगड्यापेक्षा बरी.

पिंगुळीकर
डॉक्टर, हे मला नवीन आहे आणि पटलं. माझं भांडण बर्फाशी नाही, जवळचं सोडून लांबचंच मागण्याशी आहे. पेडवेही बर्फावर ठेवलेलेच हवेत, मान्य.

सोलकढी_भक्त
अवांतर: कोणी सोलकढीवर बोलेल का? हल्ली काही ठिकाणी गुलाबी सरबत येतं, त्यात नारळाचा पत्ता नसतो.

चूल_आणि_तवा
सोलं (आमसुलं) भिजत घालून कुस्करायची, किंवा घरचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. नारळाचा पहिला रस दाट, तो शेवटी. लसूण, हिरवी मिरची, मीठ. आगळात मीठ असतंच, त्यामुळे चव बघून घालायचं. रंग फिका येतो, थोडा जांभळट. गुलाबी भडक दिसली की समजा रंग आहे. आणि सकाळी केलेली रात्री वाढायची नाही, फुटते आणि आंबते. खानावळ पारखायची असेल तर मासा यायच्या आधी सोलकढी मागवा, असं माझी सासू म्हणायची.

घासफूस
मासे न खाणाऱ्याने या सगळ्यात काय करायचं? नवरा खातो, मी नाही. दर वेळी मला डाळ-भात आणि लोणचं.

हर्णैची_माहेरवाशीण
मालवणकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं मागा, आंबोळी नाहीतर वड्यांबरोबर. आधी सांगितलंत तर बहुतेक जण करतात. जानेवारीनंतर ओल्या काजूगरांची उसळ विचारा, ती मिळाली तर नवरा तुमच्या ताटात हात घालेल. तवा वेगळा हवा असेल तर तेही आधीच स्पष्ट सांगा, लहान स्वयंपाकघरात ऐनवेळी जमत नाही.

आडिवरेकर
पावसाळ्याचं लिहितो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. काठाजवळ बिगरयांत्रिक होड्या जातात, तेवढंच थोडंफार. तरी जुलैत रस्त्याकडेला "ताजी सुरमई" अशी पाटी बघितली आहे. ती ताजी कुठून? शीतगृहातली असणार. असू दे, पण मग तसं सांगा.

त्या दिवसांत मी खानावळीत सुकं मागतो. सुक्या बांगड्याचं किसमूर, सोड्याची खिचडी, जवळ्याची चटणी, गरम पेज. बाहेर पाऊस कोसळत असताना यासारखं जेवण नाही, आणि ते खरंखुरं त्या महिन्याचं असतं. खाडीतली कोळंबी आणि कुर्ल्याही (खेकडे) मिळतात. चढणीचे मासे मात्र मी खात नाही, अंडी घालायला निघालेले असतात ते.

तोंपासु_सदस्य
सोड्याची खिचडी! झालं, आजचं ऑफिस संपलं.

कोल्हापुरी_तांबडा
मूळ प्रश्नावर येतो, कारण आम्ही घाटावरून फोंडा उतरून येणारे तुमचे नेहमीचे गिऱ्हाईक. गेल्या आठवड्यात हा धागा वाचून देवगडच्या अलीकडे एका पडवीत बसलो आणि फळ्याकडे न बघता विचारलं. मालक दोन सेकंद बघत राहिला, मग म्हणाला, "सौंदाळे आसत, पण तुमका आवडतले?" आणा म्हटलं. बोटाएवढे, नुसतं हळद-मीठ-तिखट आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले. आमच्यातला एक जण हट्टाने सुरमई घेऊन बसला होता, त्याने शेवटी आमच्याच ताटलीतून उचलले. थाळीपेक्षा बिल कमी आलं. मटणाची शपथ घेतलेला माणूस आहे मी, पण सौंदाळ्यांसाठी परत येणार.

डोंबिवलीचा_चाकरमानी
आम्ही डिसेंबरात येतोय. ठरवलं आहे की मुलांना सुरमई आणि आम्ही मोठे जे आलं असेल ते. चूल_आणि_तवा ताई, पेडव्यांचे काटे सोडवायची काही युक्ती? आणि कुर्ल्या अमावास्येला भरलेल्या असतात म्हणतात, तर तारीख बघून यावं का?

चूल_आणि_तवा
तिखल्यातला पेडवा डोक्याच्या बाजूने दोन बोटांत धरून मधला काटा वर उचला, शेपटीपर्यंत अख्खा सुटून येतो. बारीक काटे मऊ झालेले असतात, मोठी माणसं चावून खातात. मुलांना नकोच. त्यांना मुडदुशे तळून देते, काटा एकच असतो आणि चव गोडसर. सुरमई विसरतील.

कुर्ल्यांचं आमच्याकडेही तसंच मानतात, काळोखात भरलेल्या आणि चांदण्यात पोकळ. पण तुमची सुट्टी जेव्हा असेल तेव्हा या. कुर्ली हातात घेऊन वजन बघते मी, हलकी लागली तर तुम्हाला वाढणार नाही.

भरती_ओहोटींनी सांगितलेली ओळ फळ्यावर सुरू केली आहे. पहिले दोन दिवस कोणी बघितलंही नाही, काल मोरीचं मटण लिहिलं तर दोन वाजायच्या आत संपलं. रविवार, बुधवार, शुक्रवार गर्दी असते, सोमवार-गुरुवारी निवांत बसता येतं पण मासाही कमीच घेतो आम्ही. आदल्या संध्याकाळी फोन करून किती माणसं ते सांगा. नंबर इथे टाकत नाही, निरोप पाठवलात की देते.

घासफूस
ताई, मलाही नंबर द्या. काजूगरांसाठी.

पिंगुळीकर
डोंबिवलीकर, तारीख कळवा, मी कुडाळहून येतो. मोरीचं मटण असेल त्या दिवशी आणखी चांगलं.

रापणीचो_झील
येताना सकाळी लवकर निघा. रापण ओढायला दोन हात जास्तीचे चालतात, आणि वाटा मिळतो. तो घेऊन ताईंकडे जा.